सूप अजून गरम आहे

मारिएट आराइस बुटांच्या दुकानात कामाला होती आणि वर्षातून दोनदा चर्चच्या भरल्या हॉलमध्ये, लोकांसमोर, ढसाढसा रडायची. आमचं हौशी नाट्यमंडळ एक नाटक नाताळच्या आधी करायचं आणि एक ईस्टरनंतर. नाटक कुठलंही असो, त्यात कुणाची तरी आई असायचीच, आणि ती आई म्हणजे मारिएट. मी त्या मंडळाचा प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या तोंडाशी जमिनीत एक खोका असतो, त्यात मान वर करून बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजायचं. त्यामुळे मारिएटचा अभिनय मी जन्मभर खालून पाहिला. आधी घोटे, मग चेहरा.

ती चांगली नटी होती का, असं पुढे बाहेरगावचे लोकही मला विचारायला लागले. ती मोठ्यानं बोलायची. आमच्या हॉलची शेवटची रांग पार दाराला टेकलेली, तिथे बसणारे निम्मे ठार बहिरे, आणि मधे बिअरच्या ग्लासांचा खणखणाट. अशा ठिकाणी मोठ्यानं बोलणं म्हणजेच चांगलं बोलणं. हात वर करायचे ते डोक्याच्याही वर, डोळे विस्फारायचे ते दारातल्या तिकीटवाल्याला दिसतील असे. आणि तिला खरं रडू यायचं. आम्हा आल्स्ट गावच्या लोकांना शेजारपाजारची गावं ‘कांदे’ म्हणतात, पण मारिएटला रडायला कांदा कधी लागला नाही.

ते रडू कुठून यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. लग्नानंतर लगेचच तिला मुलगा झाला होता, तो श्वास न घेताच गेला. नंतर त्या घरात पाळणा हलला नाही.

नवरा कामिएल. प्लास्टरचं काम करणारा गवंडी, तोंडानं अबोल आणि हातानं कसबी. तो नाटकाला येऊन मागच्या रांगेत बसायचा, शेवटी टाळ्या वाजवायचा आणि निघून जायचा. त्याचा जीव कार्निव्हलमध्ये. ‘ओली मांजरं’ नावाच्या टोळीत तो पोरवयापासून होता आणि मिरवणुकीच्या गाड्यांवरची मोठाली डोकी तोच घडवायचा. कागदाचा लगदा आणि प्लास्टर यांतून त्यानं महापौर केले, बिशप केले, ब्रसेल्सचे मंत्री केले. माणूस जिवंतपणी दिसतो त्याहून जास्त कामिएलनं घडवलेल्या डोक्यात दिसायचा, असं लोक म्हणत.

आमच्या गावात कार्निव्हल म्हणजे नुसता सण नाही, कोर्ट आहे. वर्षभरात जो कुणी घसरून पडला असेल त्याला लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासांच्या, आधीच्या रविवारी गाडीवर चढवून गावभर फिरवतात. अपील नाही. नियम एकच: ज्याची टिंगल होते त्यानं हसायचं आणि टिंगल करणाऱ्याला बिअर पाजायची. जो रुसतो, त्याला पुढच्या वर्षी परत काढतात.

मारिएट पंचेचाळिशीला आली तेव्हा एका वाहिनीनं रोज संध्याकाळी दाखवायची मालिका काढली. नाव ‘वाऱ्याचा कोपरा’. नदीकाठी खानावळ चालवणारी मार्था नावाची विधवा, तिचा मुलगा योहान, तिचा लंगडा दीर, आणि एक डॉक्टर, ज्याला त्या खानावळीत येऊन बसण्यापलीकडे दुसरा धंदा नव्हता. वाहिनीला नवे चेहरे हवे होते. नवे म्हणजे स्वस्त. त्यांचा एक माणूस आमच्या ईस्टरच्या नाटकाला येऊन बसला, त्यानं मारिएटला रडताना पाहिलं आणि कार्ड दिलं.

मंडळानं तिला निरोप दिला. फिरमिन खाटकानं भाषण केलं. हा फिरमिन ‘ओल्या मांजरां’चा म्होरक्या, कामिएलचा लंगोटीयार, आणि गावातली सगळ्यात तिखट जीभ. तो म्हणाला की वहिनी आता मोठ्या होणार, आमच्यासारख्यांना ओळख दाखवणार नाहीत, तेव्हा आजच सगळ्यांनी त्यांच्याकडे नीट बघून घ्या. सगळे हसले. मारिएट सगळ्यात जास्त हसली.

ब्रसेल्सबाहेर एका गोदामात शूटिंग चालायचं. खानावळीच्या भिंती प्लायवूडच्या. दार जरा जोरात लावलं की भिंतीवरचा क्रूस घड्याळाच्या लंबकासारखा हलायचा. एका दिवसात तीन-तीन भाग उरकायचे. बहुतेक भागांच्या शेवटी कुणीतरी दार वाजवायचं, आणि कोण ते दुसऱ्या दिवशी कळायचं. संवाद आदल्या संध्याकाळी फॅक्सवर यायचे. ते लिहिणारी तीन तरुण पोरं होती, आणि एकानं काय लिहिलंय ते दुसरा वाचत नसे. त्यामुळे दीर सोमवारी डाव्या पायानं लंगडायचा आणि गुरुवारी उजव्या. मार्थाची लढाईत मेलेली बहीण एका भागात कॉफी प्यायला आली. डॉक्टर झालेल्या नटाला पाठांतर जमायचं नाही, म्हणून त्याचे संवाद टेबलक्लॉथवर लिहून ठेवायचे. तो सगळ्या रोगांची निदानं साखरेच्या भांड्याला सांगायचा.

मारिएट मला हे सांगायची तेव्हा हसायची नाही. तिला वाटायचं, हे सगळं पुढे कुणीतरी नीट करणार आहे. आमच्याकडे रंगीत तालमीला करतात तसं. तिथे रंगीत तालीम नावाची गोष्टच नव्हती. पहिल्यांदा जे व्हायचं तेच घराघरात जायचं.

मग योहान झालेल्या पोराला शाम्पूची जाहिरात मिळाली आणि तो मालिका सोडून गेला. म्हणून योहानला मारायचं ठरलं. मोटारीचा अपघात. पोलीस खानावळीत येतो, टोपी हातात घेतो, सांगतो, आणि आई कोसळते. मारिएटच्या हातात आलेल्या कागदावर आईचं वाक्य होतं: “नाही! आणि सूप अजून गरम आहे!”

तिनं ते वाक्य परत परत वाचलं आणि दिग्दर्शकाकडे गेली. सर्दीनं बेजार झालेला तिशीतला माणूस. पोटचा पोर गेल्यावर कुठली आई असं म्हणेल, असं तिनं विचारलं.

“मार्था म्हणेल,” तो म्हणाला. “लिहिलंय तसं म्हणा मॅडम. मला अजून दवाखान्याचा सेट लावायचाय.”

ती म्हणाली. आणि मारिएटला अर्धंमुर्धं काही येत नसे. जे काही तिच्यापाशी होतं, त्या न रडलेल्या बाळासकट, ते सगळं तिनं त्या वाक्यात ओतलं. दिग्दर्शकानं नाक पुसलं आणि पुढचा सेट लावायला सांगितला.

तो भाग आम्ही चौकातल्या कॅफेत पाहिला. सगळं मंडळ, सगळी मांजरं, शेजारीपाजारी. मारिएट स्वतः घरी होती, तिला चारचौघांत स्वतःकडे बघायची लाज वाटायची. पोलीस आला, टोपी काढली, “योहान गेला,” म्हणाला. आणि पडद्यावर नुसता मारिएटचा चेहरा आला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. डोळे विस्फारले ते आमच्या हॉलच्या दारातल्या तिकीटवाल्यासाठी, पण तो तिकीटवाला आता तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. हात वर गेले ते पडद्याच्या बाहेरच गेले. कुणीतरी बंदूक रोखल्यासारखं दिसलं. मग ते वाक्य आलं, आमच्या बहिऱ्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मागची प्लायवूडची भिंत थरथरली.

कॅफेत कुणाला कुठे बघावं कळेना. मग फिरमिननं ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “मग वाढ की.”

छप्पर उडालं. माणसं टेबलांवर डोकी ठेवून हसत होती. कामिएल कोपऱ्यात बसला होता. तो सगळ्यांच्या नंतर हसला, पण हसला.

पुढच्या आठवड्यात ते वाक्य रस्त्यावर आलं. बेकरीत पाव गरम आहे का विचारलं की लोक दोन्ही हात वर करायचे. शाळकरी पोरं बुटांच्या दुकानाचं दार उघडून ओरडायची आणि पळायची. गिऱ्हाईक बुटात पाय घालून म्हणायचं, “मारिएटबाई, अजून गरम आहे हो.” साप्ताहिकात एका टीकाकारानं लिहिलं की मादाम आराइस यांच्या अभिनयापुढे मोटारीचा अपघात सुसह्य वाटतो. मारिएटनं तो अंक विकत आणला, कारण त्यात तिचा फोटो होता.

सुरुवातीला तिला हे सगळं प्रेम वाटलं. तसं वाटणं स्वाभाविक होतं. जन्मभर लोक तिच्या नाटकाला येऊन तिची वाक्यं घरी घेऊन जात होते, हेही तेच. गेंटच्या विद्यार्थ्यांनी तिला एका संध्याकाळी पाहुणी म्हणून बोलावलं. ती निळा पोशाख घालून गेली. पोरांनी तिला सूप वाढायचा, सोनेरी रंग दिलेला डाव भेट दिला, उभं राहून टाळ्या वाजवल्या, वाक्य म्हणायला लावलं, परत म्हणायला लावलं. तिनं त्यांना रंगभूमीची सेवा या विषयावर भाषण दिलं. परत आली ती उजळून. मला म्हणाली, “हुबेर, तरुण पिढीला किती जाण आहे बघ.” माझं काम विसरलेलं वाक्य आठवून द्यायचं. जे तिला माहीतच नव्हतं ते कसं कुजबुजणार?

तिकडे त्या तीन पोरांच्या लक्षात आलं होतं की लोक मालिका बघतात ती हसायला, आणि हसतात ते मारिएटला. मग ते मुद्दाम लिहायला लागले. दिराला झटका आला तेव्हा मार्था म्हणाली, “आणि त्यानं आजच केस कापले होते!” खानावळीला आग लागली तेव्हा म्हणाली, “आणि मी नुकतेच पडदे धुतले!” मारिएट प्रत्येक वाक्य काळजाच्या तळापासून म्हणायची. अँटवर्पच्या बारमध्ये लोक मार्थाचे हात वर गेले की एकेक घोट घ्यायचे.

तिला कळलं ते गोदामाच्या कँटीनमध्ये. ती ताटात बटाटे घेऊन खांबामागच्या टेबलावर बसली होती, आणि पलीकडे ती तीन पोरं पैज लावत होती की मार्थाच्या तोंडून सगळ्यात मूर्ख वाक्य कोण वदवून घेतो. एक म्हणाला, “काहीही लिही रे. ती म्हणते. तिला वाटतं, आपण तिच्यासाठी लिहितोय.”

ती उठली, त्यांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली की मला यापुढे माणसासारखं बोलायला लिहा. त्यांनी माफी मागितली. फार सभ्य पोरं होती. थोड्याच दिवसांत मार्था तळघराच्या जिन्यावरून पडून मेली. तेही पडद्यावर दाखवलं नाही. नुसता धप्प आवाज आला, दिरानं दाराकडे पाहिलं, “घसरली वाटतं,” म्हणाला आणि जेवायला लागला. मारिएटला त्यासाठी बोलावलंसुद्धा नव्हतं. आवाजासाठी त्यांनी पिठाचं पोतं टाकलं.

ती दुकानात परतली. मालकीणबाईंनी तिला मागच्या गोदामात खोकी लावायला बसवलं. समोर उभी राहिली की लोक नुसते बघायला येतात, बूट घेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

त्या शरदात ‘ओल्या मांजरां’ची बैठक झाली. तिथं काय झालं ते मला पुढे फिरमिननंच सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. येत्या कार्निव्हलला कुणाला काढायचं? नावं चार-पाच आली, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं आणि सगळे कामिएलकडे बघत होते. शेवटी फिरमिन म्हणाला, “कामिएल, आम्हाला वहिनी हव्या आहेत. तू नको म्हणालास तर विषय संपला.”

कामिएलनं बराच वेळ पाईप साफ केला. मग विचारलं, “डोकं किती उंच पाहिजे?”

तो हिवाळाभर रोज संध्याकाळी जेवून नदीकाठच्या शेडवर जायचा. मारिएट त्याला पावाचे तुकडे बांधून द्यायची. यंदा काय करताय, असं तिनं एकदा विचारलं, त्यानं गुपित आहे म्हणून सांगितलं, आणि आल्स्टची लेक असल्यामुळे तिनं परत विचारलं नाही. पण एक गोष्ट तिनं मला मुद्दाम गोदामाच्या दारात थांबवून सांगितली. कामिएल हल्ली जेवताना तिच्याकडे बघत बसतो. परवा तर म्हणाला, जरा खिडकीकडे तोंड कर. आता या बाजूनं. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. हे सांगताना तिचे गाल तांबूस झाले होते. “इतकं सगळं झालं ना, हुबेर,” ती म्हणाली, “पण त्यातून हे एक बरं निघालं बघ.”

कार्निव्हलच्या रविवारी मी तिच्या शेजारी मोठ्या चौकात उभा होतो. थंडी होती, ऊन होतं. सहा-सात गाड्या गेल्या. मग रस्त्याच्या वळणावर एक कपाळ दिसलं, घराच्या दुसऱ्या मजल्याइतकं उंच, आणि त्याखाली मारिएट. तेच डोळे, तीच वर चढणारी डावी भुवई, ओठाच्या कोपऱ्यातली ती बारीक सुरकुती, जी मला खोक्यातून कधी दिसली नव्हती. फार सुंदर काम होतं. खोटं कशाला बोलू, कामिएलनं त्याआधी किंवा त्यानंतर तसं काही केलं नाही. डोळे गरगर फिरायचे, जबडा उघडायचा, दोन प्रचंड हात वर जायचे, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लोकांच्या अंगावर उडायच्या. गाडीपुढे मार्थाचा फुलाफुलांचा एप्रन बांधलेले आणि कापसाची छाती लावलेले मांजरांचे गडी डावानं कोमट पाणी आणि गाजराचे तुकडे उधळत होते. सगळे एका सुरात ते वाक्य म्हणत होते. फिरमिननं तर मिशा सफाचट केल्या होत्या.

आमच्या आजूबाजूची माणसं गाडीकडे बघायचं सोडून मारिएटकडे बघायला लागली. तिला नियम माहीत होता. ती हसली. त्या हसण्याइतका वाईट अभिनय तिनं मालिकेतही केला नव्हता.

फिरमिननं तिला पाहिलं. “या वहिनी, वर या,” म्हणून त्यानं हात दिला, आणि लोकांनी तिला ढकलतच वर चढवलं. त्यानं माईक तिच्या तोंडासमोर धरला आणि चौकाला शांत केलं. तिनं एकदा त्या डोक्याकडे पाहिलं. आत डोळ्यांतून पाणी उडवणाऱ्या पंपापाशी कोण बसलंय हे तिला कळलं असणार, कारण कामिएलचे जाड तळव्याचे बूट जबड्याखालच्या फटीतून दिसत होते आणि ते तिनंच दुकानातून आणले होते. तो बाहेर आला नाही.

मग तिनं वाक्य म्हटलं. जसं तिला यायचं तसंच. हात वर, डोळे मोठे, शेवटच्या रांगेपर्यंत.

कुणी हसलं नाही. लोकांनी नुकतंच फिरमिनच्या तोंडून ते ऐकलं होतं आणि फिरमिन तिच्याहून जास्त मारिएट होता. मागून कुणीतरी बाई ओरडली, “फिरमिन बरं करतो गं, उतर खाली!” आणि मग चौक हसला, त्या दिवसातलं सगळ्यात मोठं हसू. मारिएटचे हात तसेच वर राहिले होते. फिरमिननं माईक परत घेतला, दोन्ही हात वर केले, वाक्य म्हटलं, आणि पाण्याच्या धारा पुन्हा उडाल्या. ‘ओल्या मांजरां’ना त्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं.

घरी काय झालं ते तिनं मला एकदाच सांगितलं. कार्निव्हल संपला. बुधवारी सकाळी, उपासांच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून दोघं चर्चमधून परत आल्यावर, तिनं त्याला कॉफी दिली आणि विचारलं, “डोळ्यांत पंप बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं?”

“माझ्या,” कामिएल म्हणाला.

“तुझ्या?”

“त्याशिवाय ते डोकं तुझं वाटत नव्हतं.”

ती म्हणाली, कॉफीत साखर घालायची राहिली होती, ती घातली. बस्स. त्यांनी घर मोडलं नाही. आमच्याकडे कार्निव्हलपायी घरं मोडत नाहीत, नाहीतर गावात लग्न उरलं नसतं. तो कामाला जायचा, ती गोदामात खोकी लावायची. नाट्यमंडळाला मात्र ती परत आली नाही. आई दुसरी बाई व्हायला लागली, हळू बोलणारी. शेवटची रांग तक्रार करायची.

काही वर्षांनी कामिएल एका घराच्या छताला प्लास्टर करत असताना शिडीवरच पांगळा झाला. मेंदूत रक्त साकळलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज शाबूत होती, डावा हात हलायचा, डोळे हलायचे. मारिएटनं नोकरी सोडली आणि त्याचा पलंग रस्त्याकडच्या खोलीत आणला. त्याचं न्हाणं-धुणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं तिनं केलं, आणि चोख केलं. घरोघर फिरणारी नर्स गावभर सांगायची की असा रोगी मी पाहिला नाही, पाठीला एक फोड नाही. लोक म्हणायचे, बाई देवमाणूस निघाली.

त्याच सुमारास वाहिनीनं ‘वाऱ्याचा कोपरा’ दुपारी पुन्हा दाखवायला सुरुवात केली. स्वस्तात वेळ भरून निघत होता. मारिएटनं टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवला.

मी एका दुपारी काळी व्लाय, आमच्या गावचा गोड केक, घेऊन त्यांच्याकडे गेलो. मालिका चालू होती. मारिएट खुर्चीत बसून बटाटे सोलत होती. कामिएल उशांना टेकून बसवलेला, मान सरळ राहावी म्हणून दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या. त्यानं मला पाहिलं आणि डावा हात उचलला. एक बोट टीव्हीकडे. मग माझ्याकडे. परत टीव्हीकडे. मला कळलं. मी बटणाकडे हात नेला.

“राहू दे, हुबेर,” मारिएट म्हणाली. “त्याला आवडतं.”

मी बसलो. ती सोलता सोलता बोलत होती, माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. “बघ हं, आता दीर येईल, आणि पाय बदललेला असेल. आला. बघितलंस? आता डॉक्टर. टेबलक्लॉथवर दुसरी ओळ सापडत नाहीये त्याला, बोटानं शोधतोय बघ. आता ही बाई हात वर करणार. कॅमेरा कुठे ठेवलाय हे हिला कुणी सांगितलं नाही? अख्ख्या गावात एकाही माणसानं सांगितलं नाही? केले बघ वर.” तिचा आवाज शांत होता, नाटकात कधी लागला नव्हता इतका खालच्या पट्टीतला. साप्ताहिकातल्या त्या टीकाकाराला मारिएटची अक्कल असती तर तो मोठा झाला असता. तिच्या नजरेतून एक चूक सुटत नव्हती, आणि स्वतःची तर नाहीच.

योहान मरायचा भाग लागला की ती आवाज वाढवायची. तेव्हा ती पडद्याकडे बघायची नाही, त्याच्याकडे बघायची. मी होतो त्या दिवशी नेमका तोच भाग होता. कामिएलच्या उजव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. झटका आल्यापासून तो डोळा असाच वाहतो, असं नर्सनं मला सांगितलं होतं. मारिएटनं हातातली सुरी ठेवली, रुमालाची घडी करून त्याचा गाल टिपला, अगदी हलक्या हातानं, आणि मला म्हणाली, “पंप नाही बरं का. आपोआप येतं.”

फिरमिनही एकदा मित्राला भेटायला गेला होता. एक भाग पुरा बसून पाहिला त्यानं. परत गेला नाही. बायका आतून कशा असतात कुणास ठाऊक, एवढंच मला म्हणाला, आणि फिरमिनला त्यापुढे बोलायला सुचलं नाही असा तो एकच प्रसंग मी पाहिला.

निघताना मी दारात मारिएटला विचारलं की हे आणखी किती दिवस.

“मालिका संपेपर्यंत,” ती म्हणाली.

“आणि संपली की?”

“सगळी कॅसेटवर घेतलीय. पहिल्यापासून लावीन.”

तिनं तसं केलं. मार्था जिन्यावरून पडायची, दीर जेवायला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मार्था पुन्हा जिवंत होऊन खानावळीचं दार उघडायची. माझ्या हिशेबानं कामिएलनं ती मालिका चार वेळा पाहिली. लिहिणाऱ्या पोरांनीही ती एकदा धड पाहिली नसेल.

तो नोव्हेंबरात गेला. अंत्यविधीला सगळी मांजरं काळ्या कोटात आली, फिरमिननं पेटीला खांदा दिला. मारिएटनं प्रत्येकाशी हात मिळवला, प्रत्येकाचे आभार मानले. नंतर हॉलमध्ये कॉफी आणि पाव होते. मी तिच्या शेजारी बसलो. कसा गेला, असं मी विचारलं, विचारायचं म्हणून.

दुपारी गेला, ती म्हणाली. मालिका चालू होती. तिला श्वासाचा आवाज बदललेला कळला, तिनं वळून पाहिलं, नाकापाशी हात धरला. संपलं होतं. मग ती परत खुर्चीत बसली. भाग थोडाच राहिला होता. तो संपल्यावर तिनं डॉक्टरला फोन केला.

मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी कपाकडे बघत विचारलं, भाग कुठला होता.

“कुठला असणार?” मारिएट म्हणाली आणि पावावर लोणी लावायला घेतलं. “नेहमीचाच. कुणीतरी दार वाजवलं, सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि कोण आलं ते दाखवलंच नाही.”